शेळीला दोन पिल्लं झाली

तूर फुलावर आली की आमच्या शाळेचा पट निम्मा होतो. फुलसावंगीहून बंजाऱ्यांच्या तांड्याकडे शाळेत जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळं दिसू लागलं, की मी मनातल्या मनात नावं वजा करायला लागते. दिवाळीनंतरचे हे दिवस. सकाळी स्कूटीच्या मुठीवर बोटं गारठतात. वावरात कापूस वेचणाऱ्या बायांच्या वाकलेल्या पाठी दिसतात. तांड्याच्या तोंडाशी ट्रक लागलेला असतो. आधी ताडपत्र्या चढतात, मग भांडी, ज्वारीची पोती, कोंबड्या, मग माणसं. ऊसतोडीला निघालेली टोळी दोन तासांत तांडा रिकामा करते. मागे उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि त्या म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली थोडी लेकरं.

यंदाही ट्रक गेल्या आठवड्यात गेला. दुसऱ्या दिवशी प्रार्थना म्हणताना आवाज इतका पातळ झाला होता की बाहेरच्या कडुनिंबावरची पाखरं ऐकू येत होती.

त्याआधीच्या आठवड्यात तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेला साधनव्यक्ती माझ्या भाच्याच्या वयाचा, हसरा, हुशार पोरगा. त्याने पडद्यावर नवं साधन दाखवलं. मुलाने फोनसमोर वाचायचं, फोन ऐकतो, कुठे अडखळलं ते सांगतो, गुणही देतो. "आणि सगळं मोफत आहे, मॅडम," असं तो तीनदा म्हणाला. शेवटी त्याने विचारलं, "अशा साधनांचा कोणाला अनुभव आहे का? दोन मिनिटांत सांगा." मी मागच्या रांगेत बसले होते. हात वर केला नाही. अनुभव होता, पण तो दोन मिनिटांत मावणारा नव्हता.

चार वर्षांपूर्वीचा असाच हंगाम. मला तेव्हा या मोफत साधनांचं वेडच लागलं होतं. शाळा दोन शिक्षकी, पहिली-दुसरी सर बघायचे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी फोनवर प्रश्नमंजूषा करायला शिकले, पाच मिनिटांचे चित्रफितीचे धडे करायला शिकले. नकाशा उघडून मुलांना वरून दिसणारा त्यांचाच तांडा दाखवला, तेव्हा ती आपापली पत्र्याची घरं ओळखण्यासाठी भिंतीवरच्या पडद्याला हात लावून भांडली होती. मला वाटलं, आता ट्रकने कितीही लांब नेलं तरी शाळा मुलांच्या मागोमाग जाईल. टोळी निघाली त्या दिवशी मी ट्रकपाशी उभी राहून प्रत्येक बापाचा नंबर लिहून घेतला.

रेणुका चौथीत होती. किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची, प्रश्न विचारला की आधी ओठांवर जीभ फिरवणारी. तिचा दहा महिन्यांचा भाऊ तेव्हाही तिच्या कडेवर होता. बाप वसंता ट्रकवर सामान बांधत होता. आई जमुना खाली उभी. तिने मला विचारलं, "रोज धाडसान काय म्याडम?"

"रोज धाडीन. सांजच्याला रेणुकाच्या हाती फोन द्याल ना?"

"देऊ न," ती म्हणाली, आणि ट्रकवर चढली.

माझ्या त्या संध्याकाळांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी फुलसावंगीत दोन खोल्या घेऊन एकटी राहते. लग्न केलं नाही. घर बाभुळगावचं. तिथे आई होती. रोज सहाला तिचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवली काय?" सहाला कोण जेवतं? पण तिला तेच विचारायचं असायचं. त्या वर्षी पावसाळ्यात आई गेली. नागपूरच्या भावाने घराला कुलूप लावलं. आणि संध्याकाळचे सहा वाजणं ही एक अवघड गोष्ट होऊन बसली. मी तेव्हा कणीक मळायला घ्यायची, म्हणजे हात भरलेले राहत आणि फोनकडे जात नसत.

टोळी गेल्यावर चौथ्या दिवशी, बरोबर त्याच सुमाराला, फोन वाजला. रेणुकाची प्रश्नमंजूषा आली होती. दहापैकी आठ. दुसऱ्या दिवशी नऊ. मग दहा. बाकीच्या दहाजणांची उत्तरं कधी यायची, कधी नाही. कोणाच्या बापाचा फोन बंद, कोणाच्या कोपीत, फडाजवळच्या झोपडीत, रेंज नाही. रेणुकाचं मात्र एक दिवस चुकलं नाही. पडद्यावर तिच्या नावापुढची रेघ वर वर चढत गेली. महिनाअखेरच्या शिक्षण परिषदेत मी ती रेघ सगळ्यांना दाखवली. केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवशी घरी येताना बाजारातून मी स्वतःसाठी पावभर जिलेबी घेतली.

नुसती बटणं दाबून वाचन येत नाही, हे मला कळत होतं. म्हणून मी मुलांना वाचून आवाज पाठवायला सांगितलं. उतारे मीच लिहायची, चार-पाच ओळींचे, तांड्यातल्याच गोष्टींचे. रेणुकाच्या घरची शेळी शेजारच्या म्हातारीकडे ठेवली होती. ती व्यायली. मी लिहिलं, "रेणुकाच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं आहे. एक कबरं आहे. कबरं पिल्लू फार उड्या मारतं." बाकीच्यांपैकी दोघांनी आवाज पाठवले. रेणुकाचा आला नाही. दोन दिवस उत्तरं आली, आवाज नाही. मी पुन्हा लिहिलं, वाचून पाठव. रविवारी दुपारी तो आला.

मी खाटेवर बसून तो ऐकला. आवाज बारीक होता, लहान मुलीसारखा. पण लहान मुलीचा नव्हता. एका मोठ्या बाईने गळा दाबून तो बारीक केला होता. "रे-णु-का-च्या शे-ळी-ला," ती एकेक अक्षर दगडावर पाय ठेवावा तसं ठेवत होती. "दो-न... पि... पिल-लं..." आणि मग ती थांबली. तिला जे वाचलं ते कळलं होतं. बारीक गळा सुटला आणि खऱ्या, भरदार आवाजात ती हसली. लांब कोणाला तरी त्यांच्या गोरबोलीत काहीतरी ओरडून सांगितलं. मागून एक पोरगी म्हणाली, "याडी, याडी." मूल रडत होतं. पोरगी त्याला थोपटत होती. मग पुन्हा गळा बारीक झाला आणि उरलेल्या दोन ओळी तशाच पार पडल्या.

याडी म्हणजे आई. म्हणजे वाचणारी जमुना होती. आणि माझी विद्यार्थिनी मागे भावाला थोपटत होती.

मी तो आवाज चार वेळा ऐकला. खरं म्हणजे त्याच क्षणी वसंताला फोन लावून सांगायला हवं होतं की हे चालणार नाही, पोरीला बसवा. मी ठरवलंही, संध्याकाळी बोलू. संध्याकाळी सहाला मी फोन हातात घेतला. पण बोलले काय, तर आवाज पाठवला, "छान वाचलंस, रेणुका. पिल्लांची नावं काय ठेवू?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. बारीक गळ्यात, अडखळत, "का-ळू आ-नि को-यल."

पुढे दोन अडीच महिने ते तसंच चाललं. मी उतारे लिहीत राहिले, पण ते आता चौथीच्या मुलीसाठी नव्हते. मी तांड्याची बातमी लिहायला लागले. तुमच्या दारातला शेवगा फुलला आहे. म्हातारीचा खोकला कमी आहे. हापशाला पाणी येतं आहे. जोडाक्षरं कुठे द्यायची, कुठे टाळायची, याचा विचार मी जमुनाच्या जिभेने करत होते. ती दिवसभर फडात ऊस तोडून, मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत वाहून आलेली असायची. तिच्या श्वासातून ते कळायचं. तरीही तिचं वाचन सुधारत होतं. अक्षरं जुळायला लागली होती. कधी ती बारीक गळा करायचंच विसरून जायची आणि मीही ते ऐकलं नाही असं दाखवायची. एकदा उताऱ्याच्या शेवटी तिने स्वतःहून एक वाक्य जोडलं, "म्याडम जेवल्या काय."

त्या दिवशी मला खोलीत थांबवेना. मी चप्पल घालून बाजाराच्या टोकापर्यंत चालून आले.

रेणुकाची आठवण मला येत नव्हती असं नाही. मी स्वतःला सांगायची, ती ऐकत तर असेल. आईच्या शेजारी बसली असेल. असं नसतं, हे सत्तावीस वर्षं शिकवल्यावर मला माहीत होतं. पण संध्याकाळी सहाला जो आवाज यायचा तो गेला असता, आणि मला तो जाऊ द्यायचा नव्हता. एवढी साधी ती गोष्ट होती. पडद्यावर रेणुकाच्या नावाची रेघ वर जात राहिली. मी ती खोडली नाही.

टोळी गुढीपाडव्यानंतर परतली. पळस फुलून गळून गेला होता, फुफाटा उडत होता, शाळेच्या पत्र्याखाली दुपारी बसवत नव्हतं. रेणुका आली. उंच झाली होती. उसाच्या पाचटाने तिचे हात चिरले होते. भाऊ कडेवर नव्हता, तरी ती एका अंगाला कलूनच उभी राहायची. मी तिला जवळ बसवलं आणि शेळीचा उतारा कागदावर लिहून पुढे ठेवला. म्हटलं, वाच.

तिने ओठांवरून जीभ फिरवली. आणि धडाधड वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. मला क्षणभर हायसं वाटलं. मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तोंडात कबरं पिल्लू उड्या मारत होतं आणि बोट पहिल्याच ओळीवर होतं. आईच्या तोंडून ऐकून ऐकून तिला ते पाठ झालं होतं. मी कागदावरचा एकच शब्द उघडा ठेवून बाकीचे झाकले. "हा कोणता?" ती बघत राहिली. दिवाळीआधी तिला येणारी जोडाक्षरं गेली होती. मग साधी काही अक्षरंही.

"येत नाही म्याडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात लाज नव्हती, काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जमुना आली. दारात बसली, चप्पल बाहेर काढून. मी तिला पहिल्यांदाच समोरासमोर नीट पाहत होते. तिशीचीही नसेल. इतके दिवस जो आवाज माझ्या खोलीत राहिला होता तो या चेहऱ्याचा, हे मला जुळवता येईना. तीही मान खाली घालून होती. दोघींना एकमेकींशी कसं बोलायचं ते माहीत नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, "तुमाले मालूम पडलं होतं न, म्याडम?"

"हाव," मी म्हटलं.

"कवापासून?"

"शेळीच्या उताऱ्यापासून."

ती म्हणाली, "मी चौथीत होती तवा माह्या बापानं मले असंच टोळीत नेलं. मंग शाळा राहूनच गेली. या खेपी फोन हाती आला न, पहिल्या दिवशी पोरीलेच दिला होता. लहान्या रडे, तिले उठा लागे. मी म्हटलं, आण इकडं, मी पाह्यतो. मंग मले गोडी लागली." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले वाटे, म्याडमले एक ना एक दिवस समजन, म्याडम रागावतीन, मंग मी फोन पोरीच्या हाती देईन. रोज वाट पाहे. तुम्ही रागावल्याच नाही. काहून?"

माझ्याकडे उत्तर होतं. आई गेली, सहाला फोन येत नाही, हे सगळं होतं. पण चिरलेल्या हातांच्या पोरीच्या आईला ते सांगायचं कसं? मी एवढंच म्हटलं, "माझी चूक झाली."

"माही बी झाली," ती म्हणाली. "पोरीचा घास आपण दोघीनं खाल्ला."

त्या उन्हाळ्यात मी बाभुळगावला गेले नाही. मे महिनाभर सकाळी सात ते दहा, कडुनिंबाखाली, पाटी-पेन्सिल घेऊन रेणुकाला शिकवलं. फोन पिशवीत बंद. पहिले पंधरा दिवस ती यायची ती आईने ढकलली म्हणून. अक्षर गिरवताना मध्येच हात थांबवून बसायची. मी घाई केली नाही. एकदा तिनेच विचारलं, "म्याडम, माहा आवाज भरता का त्याच्यात?" मी फोन काढला. तिने दोन ओळी वाचल्या, ऐकल्या, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "इथं अटकली मी." पुन्हा वाचलं. पुन्हा ऐकलं. नऊ वेळा. त्या सकाळपासून ती तिची तिची यायला लागली.

म्हणून मला कोणी विचारलं की ही साधनं चांगली की वाईट, तर मला सरळ उत्तर देता येत नाही. ज्या फोनने चार महिने माझ्याशी खोटं बोलायला मदत केली, त्यानेच त्या पोरीला तिचं अडखळणं ऐकवलं. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी मी तिच्या शेजारी बसलेली होते आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. मोफत म्हणताना आपण साधनाची किंमत बघतो. एका दहा वर्षांच्या मुलीला संध्याकाळी अर्धा तास मोकळे हात मिळावेत, याची किंमत कोणाला तरी दुसऱ्यालाच मोजावी लागते. ती त्या पडद्यावर कुठे दिसत नाही.

जूनमधल्या परिषदेत मी उभी राहून सांगितलं, ती रेघ खरी नव्हती. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. चहाच्या वेळी केंद्रप्रमुख बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सांगितलंत ते ठीक. लेखी नका देऊ." मी लेखी दिलं. त्याचं पुढे काही झालं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. कागद फायलीत गेला.

त्या दिवाळीनंतर जमुनाने रेणुकाला ट्रकवर चढू दिलं नाही. पाचवीला तिला तालुक्याच्या आश्रमशाळेत घातलं होतं. वसंता म्हणत होता, लहान्याले कोण पाहीन? जमुना म्हणाली, "मी पाठीवर बांधीन. तोड कमी होईन आपली. होऊ दे." त्या हिवाळ्यात तिच्याकडून मला एकही संदेश आला नाही. मी वाट पाहिली असं म्हणणार नाही. पण सहाला कणीक मळायची सवय मात्र परत लागली.

मधली वर्षं अशीच गेली. जमुना हंगाम संपला की शाळेवरून जाताना हात करायची. रेणुका सुट्टीत दिसायची, दरवेळी थोडी अधिक लांब गेलेली. आता ती आठवीत आहे. भेटली की "नमस्ते मॅडम" म्हणते, आणि लगेच कुठेतरी जायचं असल्यासारखी उभी राहते. मला त्याचं वाईट वाटत नाही. मुलं तशीच जातात. थोडं वाटतं.

यंदा टोळी निघायच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मुलं खिचडी खात असताना जमुना वर्गात आली. म्हणाली, "एक कोरा कागद देता काय म्याडम?"

"कशाला?"

"पोट्टीले चिठ्ठी लिहाची हाय. फोनवर ते बोलतच नाही. हाव म्हणते, नाही म्हणते, ठेवू का म्हणते. कागद हाती असला त दोनदा वाचन." मग म्हणाली, "उद्या टरक तिच्या शाळेच्या समोरूनच जाते. गेटावर देईन."

मी वहीचा जोड कागद फाडून दिला, पेन दिलं. ती मुलांच्या बाकावर बसली. बाक तिला लहान पडत होता, गुडघे बाहेर आले होते. कागदावर जवळजवळ झोपून ती लिहायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी माझ्या खुर्चीवर तपासायच्या वह्या घेऊन बसले आणि एकही तपासली नाही. बाहेर मुलांची ताटं वाजत होती. तिने एकदाच मान वर केली.

"म्याडम, आठवणीतला ठ कसा?"

मी उठून फळ्यावर मोठा ठ काढला. तिने तो बघून बघून कागदावर उतरवला आणि पुढे लिहीत गेली. कागदाची एक बाजू भरली, मग दुसरी. माझ्या हाताला सवयीने लाल पेन लागलं होतं. ती थांबली तेव्हा मी जवळ गेले.

"पाहू?"

तिने तळहात कागदावर ठेवला. रागाने नाही, अगदी हळू. "नोका पाहू म्याडम. तिच्यासाठी हाय."

"बरं," मी म्हटलं.

तिने कागदाच्या चार घड्या घातल्या, पोलक्यात ठेवला, पेन परत दिलं आणि चप्पल पायात सरकवून निघून गेली. खिडकीतून ती तुरीच्या धुऱ्याने, बांधाबांधाने जाताना दिसली. मग वळणावर दिसेनाशी झाली. मी लाल पेनला टोपण लावलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुलं हात पुसत आत आली आणि आपापल्या जागी बसली. पहिलीतली एक बारकी पोरगी, सर रजेवर असल्याने माझ्या वर्गात आलेली, फळ्याकडे बघत म्हणाली, "म्याडम, आज हे शिकाचं हाय काय?"

मी खडू उचलला. म्हटलं, "हाव. हा ठ."